बारा हातांना डोळे कधी फुटणार?

मित्रहो, आधीच सांगून टाकतो, मी समीक्षक नाही. सूतगिरणीत रिंगखात्यात उभा राहणारा माणूस आहे. आठ तास तुटलेले धागे सांधतो आणि रात्रपाळी नसेल त्या रात्री कविता लिहितो. शाळा दहावीला सुटली. पुढचं सगळं वाचन समाजमंदिरातल्या कपाटातलं आणि रद्दीवाल्याकडचं. समीक्षेची परिभाषा मला येत नाही. ज्यांना ती येते त्यांनी आमच्या लिखाणाला आधी ‘आक्रोश’ म्हटलं, मग ‘प्रवाह’ म्हटलं आणि शेवटी अभ्यासक्रमात एक धडा लावून हात धुतले. तेव्हा हे समीक्षेत बसतं की नाही हे त्यांनी ठरवत बसावं. मला एका सिनेमाबद्दल आणि तीन-चार पुस्तकांबद्दल बोलायचं आहे, आणि तेही एका माणसामुळे.

तो आमच्या गल्लीतला. नाव लिहीत नाही. लिहिलं तर कपाळावरचा शिक्का पुन्हा ओला होईल. भांडणाच्या केसमध्ये आत गेला. दोन वर्षं चार महिने नाशिकरोडच्या जेलात कच्चा कैदी म्हणून काढले. जामीन झाला होता, पण जामीनदार मिळाला नाही. ज्याच्या नावावर काही नाही त्याच्यासाठी सातबारा कोण घेऊन येणार? शेवटी खटला चालला, पुरावा उभा राहिला नाही, कोर्टाने निर्दोष सोडलं. निर्दोष! हा शब्द त्याच्या आईने गल्लीभर सांगितला. लोक म्हणाले, बरं झालं मावशी. आणि लोकांनी त्याच्या दारावरून जाणं बंद केलं.

मागच्या थंडीत समाजमंदिरात भिंतीला चादर ठोकून आम्ही व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ बघितला. एका कार्यकर्त्याचा आग्रह होता की तुरुंग आणि सुधारणा या विषयावर चर्चा करू. तोही मागे भिंतीला टेकून बसला होता. बाजारात भाजी विकण्याच्या प्रसंगानंतर तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी टपरीवर मी विचारलं, का रे भाऊ, आवडला नाही का? तो चहा संपेपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, ‘त्यांना जमीन तरी भेटली ना.’

या एका वाक्यावर मी कितीतरी महिने विचार करतोय. खरी समीक्षा ती होती. मी फक्त तिची टीप लिहितोय.

आधी सिनेमाचं देणं देऊन टाकू. १९५७ सालचा हा सिनेमा. कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची. जेलरचं काम खुद्द शांतारामांनी केलं. हा जेलर सहा खुनी कैद्यांना घेऊन उजाड माळावर जातो, बेड्या काढतो, त्यांच्याकडून जमीन कसून घेतो. भाजी पिकते, स्वस्त भावात बाजारात जाते, व्यापाऱ्याच्या पोटात दुखतं. मारहाण होते. शेवटी माजलेले बैल उभ्या पिकात सोडले जातात आणि पीक वाचवताना जेलर मरतो. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात बक्षीस मिळालं. खुनी हाही माणूस आहे आणि विश्वास टाकला तर तो विश्वासाला जागतो, हे त्या काळात एवढ्या मोठ्या पडद्यावर कोणी सांगितलं याचा मान राखायलाच पाहिजे. मीही प्रार्थनेच्या प्रसंगाला गलबललो. लपवत नाही.

आणि ही गोष्ट हवेतली नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली हा प्रयोग खरोखर झाला. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा मूळचा पोलंडचा इंजिनिअर यांनी कैद्यांची उघडी वसाहत उभी केली. तिचं नाव स्वतंत्रपूर. माडगूळकर त्याच मुलुखातले, माडगुळ्याचे. त्यांनी तिथली गोष्ट उचलून पडद्यावर नेली.

आता भांडण. पहिलं भांडण नावाशीच आहे.

दोन डोळे, बारा हात. सहा माणसांना बारा हात असतात हे बरोबर. पण सहा माणसांना बारा डोळेही असतात ना? ते कुठं गेले? नावात डोळे फक्त एकाचे आहेत, आणि तो साहेब आहे. बाकीच्यांच्या वाट्याला हात. बघायचं एकाने, राबायचं सहांनी. एकाला डोकं, दुसऱ्याला हात, तिसऱ्याला पाय, हे गणित आपल्याला कोणी शिकवायला नको. हजारो वर्षं आपण त्या गणितात पायाखाली होतो. शांतारामांच्या मनात हे असेल असं मी म्हणत नाही. त्यांच्या मनात नसतानाही ते नावात आलं, म्हणून तर ते जास्त खरं आहे.

सिनेमात कैदी रात्री पळून जायला निघतात आणि त्या जेलरचे डोळे त्यांच्या मनात उभे राहतात. ते मागे फिरतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, की बघा सुधारले. मला तिथे धस्स झालं. पायातली बेडी काढली आणि मनात डोळे बसवले. याला पांढरपेशा मराठीत संस्कार म्हणतात. आमच्या खात्यात मुकादमाची नजर असते तशी ती नजर. मुकादम जेवायला गेला तरी ती पाठीवर असते. नजरेच्या धाकाने सरळ चालणारा माणूस सुधारला म्हणायचा की वाकला म्हणायचा? नजर गेल्यावर त्याने कुणाकडे बघून चालायचं? जेलर मेल्यावरसुद्धा त्यांना त्याचेच डोळे पुरवायचे असतील, तर त्यांचे स्वतःचे बारा डोळे उघडणार कधी?

दुसरं भांडण, या सहांना जात नाही. जेलच्या दारात जात गळून पडते असं सिनेमावाल्यांना वाटत असेल. २०२० साली सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी लिहून दाखवलं की आपल्या देशातल्या तुरुंगांत कामं जातीने वाटली जातात. हे नुसतं चालीने चाललेलं नव्हतं, काही राज्यांच्या तुरुंगांच्या छापील नियमावल्यांत लिहिलेलं होतं. स्वयंपाकाला वरच्या जातीचा, संडास साफ करायला ठरलेल्या जातीचा. त्या स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला निकाल लागला, की हे सगळं घटनाबाह्य आहे, नियम बदला, तुरुंगातल्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढा. म्हणजे घटना लागू होऊन चौऱ्याहत्तर वर्षं झाल्यावर हे सांगावं लागलं. मग १९५७ च्या त्या माळावर संडासाची बादली कोण उचलत होतं? कॅमेरा तिकडे फिरला नाही.

तुरुंगांचा सरकारी अहवालच काढून बघा. २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या दर चार कैद्यांत तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. आणि दर पाच कैद्यांत साधारण एक अनुसूचित जातीचा आहे. २०११ च्या जनगणनेत आपण सहात एकाच्या आसपास आहोत. तेव्हा तुरुंग हा आपल्या साहित्याचा विषय आहे. वस्तीच्या पुढच्या वळणावर आहे तो.

तिसरं भांडण सगळ्यात मोठं, आणि ते त्याच्या वाक्यातलं. जमीन तरी भेटली. सिनेमात कैद्याला जमीन मिळते, काम मिळतं, भाकरी मिळते, रात्री डोक्यावर छप्पर मिळतं. म्हणजे जे सगळं बाहेर मिळालं असतं तर यातले निम्मे आत गेलेच नसते, ते सगळं त्यांना खून केल्यावर मिळतं! आपल्या जिल्ह्याचे दादासाहेब गायकवाड १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांना घेऊन सत्याग्रहाला उतरले. मागणी एवढीच, की पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. त्यासाठी लोकांनी जेल भरले. बायका तान्ही पोरं घेऊन आत गेल्या. पडद्यावर जेलातून जमिनीकडे रस्ता जातो. आमच्या इतिहासात जमीन मागितली की रस्ता जेलकडे जातो. एकाच काळातले हे दोन रस्ते. एकावर सिनेमा निघाला. दुसरा शाहिरांच्या तोंडी राहिला.

खऱ्या स्वतंत्रपुरात सिनेमापेक्षा शहाणपण जास्त होतं असं मला वाटतं. तिथे कैदी बायकापोरांसह राहू शकतो. माणूस एका साहेबाच्या नजरेवर उभा राहत नाही, घरावर उभा राहतो, हे तिथे कोणाला तरी कळलं. पण स्वतंत्रपूर लहान आहे आणि नाशिकरोड मोठं. नाशिकरोडच्या जेलात कैदी शाडूच्या गणपतीच्या मूर्ती करतात, त्या बाहेर विकल्या जातात. लोक कौतुकाने घेतात. कैद्याने घडवलेला देव मखरात चालतो. तोच कैदी सुटून खोली भाड्याने मागायला आला की खोली ‘कालच दिली’ होते.

इथे मला एका शब्दाला हात घालायचाय. पुनर्वसन. सरकारी कागदात, संस्थांच्या अहवालात, भाषणात हाच शब्द. सुटलेल्या कैद्याचं पुनर्वसन. समाजाच्या मुख्य प्रवाहात परत आणणे. परत? पुन्हा वसवायला आधी कधीतरी वसलेला पाहिजे. जो गावकुसाबाहेर जन्मला, ज्याचं घर नाल्याच्या काठी नोटिशीवर उभं आहे, त्याला परत कुठे नेणार? नाल्याच्या काठीच ना?

लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचा. १९८७ साली आलं, १९८८ ला साहित्य अकादमी मिळाली. समीक्षकांनी भाषेचं कौतुक केलं, ‘अनोळखी जग’ म्हटलं. मला त्यात दिसलं ते असं, की तिथे गुन्हा आधी येत नाही, पोलीस आधी येतो. इंग्रजाने १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. पाळण्यातल्या पोराची शिक्षा आधी ठरलेली, गुन्हा मागून करायचा. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती. तिथली माणसं शहरातल्या गिरण्यांत राबायची आणि पाळी सुटली की पुन्हा कुंपणात. म्हणजे माझ्या धंद्यातलीच माणसं. १९२८ साली मुंबई सरकारने स्टार्ट साहेबांच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमली, तीत बाबासाहेब सभासद होते. अस्पृश्य आणि आदिवासी यांचा प्रश्न त्या कमिटीपुढे होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. तार कापली. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलीस ठाण्यातली नजर तशीच राहिली. गायकवाड लातूरच्या सूतगिरणीत कामाला होते, तिथे त्यांनी कामगारांची संघटना बांधली. मी ते पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या बोटाला सुताची पूस लागली होती. त्या पुस्तकात साहेबाचे दोन डोळे कुठे नाहीत. तिथे हातानेच डोळे उघडलेत आणि हातच लिहितोय. शांतारामांच्या सिनेमाला आपल्याकडून उत्तर द्यायचं तर ते ‘उचल्या’ने दिलंय.

आणि दुसरं उत्तर आपल्या नाशिकच्या बाबुराव बागुलांचं. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ सालचा. त्या कथेतला पोरगा परमुलखात रेल्वेत नोकरीला जातो, खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. कळल्यावर मार खातो. बागुलांनी किती मोठी गोष्ट केली बघा. ज्याचं सगळं चोरलं गेलं, तोच समाजाच्या हिशेबात चोर ठरतो, कारण त्याने स्वतःची जात ‘चोरली’. नावातच सगळा खटला उलटा चालवलाय.

सुटलेल्या कैद्याची गोष्ट हीच आहे, दोस्तहो. त्याला जेल चोरावं लागतं. इतकी वर्षं कुठे होतास? ‘पुण्याला होतो, मामाकडे.’ कामाचा दाखला? ‘पुरात गेला.’ पोलिसाचा चारित्र्याचा दाखला? तिथे चोरी उघडी पडते. त्या कथेतल्या पोरासारखाच तो रोज धाकात जगतो, आज कळेल, उद्या कळेल. आणि आपला हा माणूस तर दुहेरी चोर. जातही चोरायची आणि जेलही चोरायचं. एका अंगावर किती चोऱ्या लपवायच्या?

आता जे लिहायला हात चालत नाही ते लिहितो. हे वगळलं तर वरचं सगळं भाषण होईल.

तो मी काम करतो त्याच ठिकाणी लागला होता. ठेकेदाराकडे, डॉफर म्हणून. भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या चढवायच्या. एकोणीस दिवस केलं. हात चांगला होता, लवकर शिकला. माझ्या फ्रेमच्या पलीकडेच होता. विसाव्या दिवशी कुठून तरी वास लागला. ठेकेदाराच्या माणसाने त्याला बाहेर उभं केलं आणि मला बोलावलं. विचारलं, ‘हा तुमच्याच वस्तीतला ना? ओळखतो का तू याला?’

मी म्हणालो, नाही.

तो काचेच्या पलीकडे उभा होता. त्याला ऐकू गेलं नसेल. खात्यात मशीनचा एवढा आवाज असतो. पण मान हललेली दिसली असेल.

मीही ठेक्यावर आहे. घरी आई, बहीण. हे कारण खरं आहे आणि पुरेसं नाही. त्या दिवशी मी ओळख चोरली. बागुलांची कथा मी कार्यकर्त्यांच्या शिबिरात दोनदा वाचून दाखवली होती. मार खाणारा पोरगा म्हणजे मी, असं समजून वाचत होतो. त्या दिवशी कळलं की त्या कथेत घरमालकही असतो आणि गर्दीही असते, आणि माणूस त्यातला कोणीही होऊ शकतो. ज्या साहित्यात फक्त मार खाणाऱ्याच्या जागी स्वतःला बघता येतं, ते आपण अर्धंच वाचतो. हे मला सिनेमाने नाही, पुस्तकाने नाही, काचेपलीकडच्या त्याच्या चेहऱ्याने शिकवलं.

आणि मी एकटा नाही. वस्तीतल्या जयंती कमिटीत त्याचं नाव कोणी सुचवलं, तर आपल्याच एका जाणत्या माणसाने सांगितलं, ‘राहू द्या, पोलीस परवानगीला नाव द्यावं लागतं.’ बरोबरच आहे ना, व्यवहार आहे. भटजीचाही व्यवहारच होता. कोणाला कुठे उभं करायचं याचे नियम प्रत्येकाकडे असतात आणि प्रत्येकाला ते व्यवहारच वाटतात.

खरं तर तुरुंगातून आलेल्या माणसाचं स्वागत कसं करायचं हे मराठी समाजाला चांगलं माहीत आहे. फक्त माणूस कोण ते बघून. राजकीय कैदी सुटला की हार, मिरवणूक, पुढे आठवणींचं पुस्तक. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली. गुरुजींबद्दल मला आदर आहे. पंढरपूरचं देऊळ उघडावं म्हणून १९४७ साली ते उपोषणाला बसले, हे मी विसरत नाही. पण त्याच भिंतींच्या आत तेव्हा चोरीचे, मारामारीचे कैदी होते. त्यांनाही आया होत्या. त्या आयांनी काय शिकवलं, कशाने आजारी पडल्या, मुलाच्या तारखेला कोर्टाबाहेर कशा बसल्या, हे कोणी लिहिलं नाही. श्यामची आई घराघरात गेली. या आया जेलच्या भेटीच्या रांगेत राहिल्या. अलीकडचंही बघा. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने आणीबाणीत बंदिवास भोगलेल्यांना मानधन जाहीर केलं, २०२० ला दुसऱ्या सरकारने थांबवलं, २०२२ ला पुन्हा चालू झालं. कोणाला द्यावं, कोणाला नाही या वादात मी पडत नाही. एवढंच दाखवतो की तुरुंगात घालवलेल्या दिवसांची किंमत सरकारला करता येते. मग दोन वर्षं चार महिने निर्दोष माणसाचे गेले, त्यांचा भाव काय?

आणि आपण? २ मार्च १९३० ला याच शहरात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्या आज्या-पणज्यांनी लाठ्या खाल्ल्या, शिक्षा भोगल्या. ते सुटून आले तेव्हा वस्तीने ओवाळलं असेल. म्हणजे ओवाळायचं तबक आपल्या घरात आहे. आपण ते फक्त सत्याग्रहींसाठी राखून ठेवलं.

कोणी म्हणेल, सत्याग्रही आणि चोर एका मापाने मोजतोस काय? नाही मोजत. आणि ज्याने आपल्याच वस्तीतल्या बाईचं वाटोळं केलं त्याला हार घाला असंही म्हणत नाही. तिच्या दाराला कडी आहे, ती तिच्या हातात राहिली पाहिजे. पण शिक्षा कोर्टाने दिली, ती भोगली, ती संपली. त्यावर आणखी जन्मभराची शिक्षा देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? जन्मावरून जन्मभराची शिक्षा देणारा एक ग्रंथ बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला जाळला. त्याची राख आपण कपाळाला लावून घेतली आहे काय?

शेवटी अंगुलिमालाकडे येतो. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी पतितांच्या आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेवर वेगळा भागच लिहिला आहे. अंगुलिमाल त्यात आहे. आपण ही गोष्ट लहानपणापासून ऐकतो. बुद्ध एकटा जंगलात गेला, दरोडेखोराने शस्त्र टाकलं, साधू साधू. आणि इथे थांबतो. शांतारामांचा सिनेमाही जवळपास इथेच थांबतो. पण पाली सुत्तात गोष्ट पुढे जाते. राजा पसेनदी त्याला पकडायला पाचशे स्वार घेऊन निघालेला असतो. बुद्धाजवळ बसलेला भिक्खू हाच अंगुलिमाल हे कळल्यावर राजा आधी भितो, मग त्याला चीवर, भोजन, औषध द्यायला तयार होतो. आणि पुढे, अंगुलिमाल भिक्षेला गावात जातो तेव्हा लोक दगड मारतात. डोकं फुटतं, भिक्षापात्र फुटतं, चीवर फाटतं. रक्ताने माखून तो परत येतो. बुद्ध त्याला सोस म्हणतो.

हे पुढचं प्रकरण आपण सांगतच नाही. कारण पहिल्या प्रकरणात आपण बुद्धाच्या बाजूला उभे असतो. दुसऱ्या प्रकरणात आपल्या हातात दगड असतो.

बुद्धात आणि सिनेमातल्या जेलरमध्ये मला एक फरक दिसतो. जेलरने सहांवर डोळे ठेवले. बुद्धाने अंगुलिमालाला संघ दिला. पात्र दिलं, चीवर दिलं, बसायला जागा दिली. दगड खाऊन कुठे परत जायचं, याला उत्तर दिलं. आणि त्याच सुत्तात आहे की अडलेल्या बाळंतिणीसाठी अंगुलिमालाने सत्यवचन उच्चारलं आणि तिची सुटका झाली. बौद्ध देशांत आजही गरोदर बाईसाठी ते परित्त म्हणतात. ज्याच्या हाताने माणसं मेली त्याच्या शब्दाने मूल जगात येतं. याहून मोठं पुनर्वसन मला माहीत नाही. त्याला नुसतं माफ केलं नाही, त्याच्यावर काम सोपवलं. समाजाला त्याची गरज पडली.

तेव्हा तरुण दोस्तांनो, आपला संघ कुठे आहे? जेलच्या दरवाज्यात सुटणारा माणूस हातात पिशवी घेऊन उभा राहतो, त्याला घ्यायला कधी कोणी नसतं. तिथे आपल्यातले दोघं उभे राहू शकत नाहीत काय? मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटचं ‘प्रयास’ १९९० पासून हे काम करतंय. सरकारचे परिविक्षा अधिकारी जिल्ह्यात असतात, महिला व बालविकास खात्याखाली. त्यांच्याकडे अर्ज घेऊन जायला आपल्याला काय झालं? विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ पाठ करा. आधी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढला असेल, तर त्याला सोडायला पाहिजे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यात नाहीत, आणि ज्याच्यावर आणखी केसेस चालू आहेत त्यालाही ते लागू नाही. आपल्या वस्तीतले कितीजण यात बसतात याची यादी आपल्याकडे आहे काय? जयंतीच्या वर्गणीची यादी आहे. १९५८ च्या परिविक्षा कायद्याचं बारावं कलम वाचा. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. हे नोकरी देणाऱ्याला कोण सांगणार? आणि निर्दोष सुटलेल्याच्या हातात निकालाची नक्कल असते, ती ठेकेदाराच्या टेबलावर आपटायला त्याच्याबरोबर कोण जाणार? मी गेलो नव्हतो.

आणि लिहिणाऱ्यांनो, आपलं काम वेगळंच आहे. त्याच्यावर कविता करू नका. मी करायला बसलो होतो, दोन कडवी झालीही होती, फाडली. माझ्या दोन डोळ्यांनी त्याच्याकडे बघून लिहिलेली ती आणखी एक जेलरची कविता होती. त्याला वही द्या. तो सातवी शिकलाय, आतमध्ये असताना आईला पत्रं लिहायचा. मी त्याला म्हणालो, भाऊ, तू लिही, मी शुद्धलेखनही बघणार नाही, तसंच छापू. तो हसला. म्हणाला, ‘नाव टाकावं लागेल का?’

या अंकाच्या संपादकांना माझी विनंती आहे की पुढच्या अंकात चार पानं राखून ठेवा. नाव टाकायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल. तो लिहील की नाही हेही मला माहीत नाही. पण जागा रिकामी ठेवा, कोणाच्या तरी वाटेची जागा रिकामी आहे हे दिसलं पाहिजे. बारा हातांना डोळे फुटायचे तर आधी वही लागते.

त्या दिवशी काचेपलीकडून त्याने काय बघितलं ते मी त्याला अजून विचारलेलं नाही. मी ओळखत नाही म्हणालो, हेही त्याला तोंडाने सांगितलेलं नाही. या अंकाची पहिली प्रत त्याच्या हातात देणार आहे. म्हणजे आता सांगितलं.

जयभीम.